मागूर-शिंगीच्या आतड्यातील गोलकृमी

(धान पट्ट्यातील शेतकरी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या मेळाव्यात मला माशांवर बोलायला सांगितले आहे, याचे तुमच्यापैकी काहींना नवल वाटेल. मी कृषिविद्या हा विषय शिकवते. धानाच्या रोवणीचे अंतर, खताच्या मात्रा, तणांचा बंदोबस्त हे माझे रोजचे काम. पण धान पट्ट्यात काम करणाऱ्या माणसाला माशांपासून दूर राहता येत नाही. बांधीला पाणी बोडीतून येते आणि बोडीत मासे असतात. करप्याचे औषध विचारायला आलेला शेतकरी उठता उठता विचारतो, "मॅडम, बोडीतले मागूर काही वाढून नाही राहिले, काय टाकू?"

या "काय टाकू"चे उत्तर मी एकदा चुकीचे दिले आहे. तेथूनच सुरुवात करते.

साधारण दहा गुंठ्यांची बोडी होती. पावसाळ्याच्या सुरुवातीला मागूरची बोटुकली सोडलेली, चार महिने झालेले. काही मासे चांगले पोसले होते, तर बाकीचे डोके मोठे आणि अंग काडीसारखे असे राहिले होते. मेलेले मासे फारसे तरंगत नव्हते, म्हणून रोगाचा संशय मला आला नाही. पाणी नितळ दिसले. मी पिकाची माणूस, पीक पिवळे पडले की खत आठवते. पाण्यात प्लवंग कमी आहे, शेण टाका, असे सांगून मी मोकळी झाले. त्यांनी इमानाने दर आठवड्याला शेण टाकले. पाणी हिरवे झाले, पण दीड महिन्याने मासे होते त्याहून वाळलेले होते.

शेवटी मत्स्यशास्त्र शिकवणाऱ्या एका सहकाऱ्यांना मी बोडीवर नेले. त्यांनी पाण्याचा रंग पाहिला नाही की खाद्याचे विचारले नाही. चार बारीक मासे धरले, पोट फाडले आणि आतडे उभे चिरून पांढऱ्या ताटलीत ठेवले. तिघांच्या आतड्यात लाल दोऱ्याचे तुकडे टाकावेत तसे किडे वळवळत होते. शेतकऱ्याने माझ्याकडे पाहिले. मी ताटलीकडे पाहत राहिले.

शेण वाईट नव्हते. पण त्या बोडीत किड्याचे बीज आधीच होते आणि शेणाने त्याची वाहतूक वाढवली. ती कशी, हेच आज सांगायचे आहे.

तुम्ही सूत्रकृमी हा शब्द ऐकलेला आहे. टोमॅटो, वांगी, डाळिंब यांच्या मुळांवर गाठी करणारा, झाड दिवसा कोमेजवणारा तो सूत्रकृमी. माशाच्या आतड्यातील गोलकृमी याच मोठ्या कुळातला. फरक असा की मुळातला सूत्रकृमी सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाही, तर माशातला उघड्या डोळ्यांनी दिसतो. अंग गोल, गुळगुळीत, दोन्ही टोकांना निमुळते, कोठेही सांधे नाहीत. दोराच तो.

हा त्रास मागूर, शिंगी, शिंगटा, शिवडा अशा मिशीवाल्या, बिनखवल्याच्या माशांत जास्त का आढळतो, याचे कारण त्यांच्या खाण्यात आहे. पाण्यातले किडे, अळ्या, गोगलगायी, बारीक मासे, जे तोंडाला लागेल ते हे मासे खातात. त्यात मागूर आणि शिंगी हवेतला श्वास घेऊ शकतात. ज्या गढूळ डबक्यात रोहू-कटला तास दोन तास टिकणार नाही, तेथे हे आठवडेच्या आठवडे राहतात. पाणी आटत आले की डबक्यात मासे, किडे आणि कृमी अशी सगळी गर्दी एका जागी होते. माशाचा चिवटपणा असा किड्याच्याही पथ्यावर पडतो.

आपल्या भागात या माशांत जे गोलकृमी सापडतात, त्यांपैकी नाव लक्षात ठेवण्याजोगा एकच आहे, प्रोकॅमॅलॅनस. नाव अवघड आहे, पण किडा ओळखायला सोपा आहे. मादी एक-दोन सेंटिमीटरची, नर त्याहून बराच लहान. रंग तांबूस. तोंडात पिंपासारखी टणक, नारिंगी-तपकिरी डबी असते. ही डबी जठराच्या किंवा आतड्याच्या आतल्या अस्तराला लावून तो बसतो आणि रक्त पितो. रंग त्या रक्ताचाच. याच्या जवळच्या काही जातींच्या डबीत आतून स्क्रूसारखे आटे असतात, पण ते पाहायला सूक्ष्मदर्शक लागतो आणि उपाययोजना दोघांनाही एकच असल्याने तुम्हाला त्याची गरज नाही.

हा काही नवा, बाहेरून आलेला रोग नव्हे. शिंगी माशातील प्रोकॅमॅलॅनसच्या एका जातीचे वर्णन कर्वे यांनी १९५२ साली प्रसिद्ध केले आहे. १९५६ साली अली यांनी त्या वेळच्या हैदराबाद राज्यातील मासे व पक्षी यांच्या गोलकृमींवर लेख लिहिला. त्या राज्यात तेव्हा आपला मराठवाडाही होता. म्हणजे किडा आपल्या पाण्यात पिढ्यान् पिढ्या आहे. नदीत, मोठ्या तलावात तो विखुरलेला असतो, म्हणून जाणवत नाही. आपण दहा गुंठ्यांत हजारो मासे कोंडतो तेव्हा तो जाणवू लागतो.

किडा माशात येतो कोठून?

बहुतेकांची समजूत अशी की घाण पाण्यात किडे आपोआप होतात. तसे होत नाही. प्रोकॅमॅलॅनसची मादी अंडी घालत नाही, जिवंत पिल्ले देते. ही पिल्ले माशाच्या विष्ठेबरोबर पाण्यात पडतात. डोळ्यांना दिसणार नाहीत इतकी बारीक असतात आणि तळाशी वळवळत राहतात. त्यांचे आयुष्य थोड्या दिवसांचे. या पिल्लांना दुसऱ्या माशाने थेट गिळले तरी त्यांचा संसार लागत नाही. त्यांना आधी एका मध्यस्थाच्या पोटात जावे लागते. तो मध्यस्थ म्हणजे सायक्लॉप्स.

काचेच्या ग्लासात बोडीचे पाणी घेऊन उजेडाकडे धरा. मोहरीच्या दाण्याहूनही लहान, झटके देत पोहणारे पांढुरके ठिपके दिसतील. त्यांत काहींच्या शेपटीकडे दोन्ही बाजूंनी दोन पिशव्या लोंबताना दिसल्या, तर ती सायक्लॉप्सची मादी आणि त्या तिच्या अंड्यांच्या पिशव्या. वळवळणारे पिल्लू खाद्य समजून सायक्लॉप्स ते गिळतो. त्याच्या शरीरात पिल्लू दोनदा कात टाकते. पाणी जितके उबदार तितके हे काम लवकर होते, साधारण एक ते दोन आठवड्यांत. मग तो सायक्लॉप्स माशाने खाल्ला की किडा माशाच्या पोटात मोकळा होतो, तेथे आणखी दोनदा कात टाकतो, वयात येतो आणि रक्तावर बसतो. हा फेरा सायक्लॉप्सवाचून पूर्ण होत नाही.

येथे तुमच्यातील जुन्या माणसांना काहीतरी आठवायला हवे. नारू! विहिरीच्या पाण्यातून पायात येणारा, फोडातून हातभर बाहेर पडणारा, काडीवर गुंडाळून रोज थोडा थोडा ओढून काढावा लागणारा नारू. महाराष्ट्रातील गावांनीही तो सोसलेला आहे. नारू हा माशातील या किड्याचा नातलग, आणि त्याचाही मध्यस्थ सायक्लॉप्सच. गंमत अशी की नारूचे कोडे सुटले तेच माशाच्या किड्यामुळे. जर्मनीतील लॉइकार्ट या शास्त्रज्ञांना माशाच्या आतड्यातील अशाच एका गोलकृमीची पिल्ले सायक्लॉप्समध्ये वाढताना दिसली होती. त्यांनी सुचवले म्हणून रशियाच्या फेडचेंको यांनी तुर्कस्तानच्या मुलखात नारूची पिल्ले सायक्लॉप्समध्ये शोधली आणि १८७० साली ती सापडल्याचे प्रसिद्ध केले. आपण माशाच्या आतड्यातली घाण म्हणून जी फेकून देतो, तिने माणसाच्या रोगाचा दरवाजा दाखवला.

आणि तो दरवाजा बंद कसा झाला, ते पाहा. नारूवर ना लस निघाली, ना त्याला मारणारे चांगले औषध. भारतात १९८३-८४ पासून मोहीम चालली. पाणी कापडातून गाळून प्या, पायऱ्यांच्या विहिरीत उतरू नका, ज्याच्या पायात नारू आहे त्याला पाण्यात जाऊ देऊ नका, एवढ्यावर भर होता. जोडीला पाण्यातील सायक्लॉप्स मारण्यासाठी टेमिफॉस टाकले गेले. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ च्या जुलैमध्ये राजस्थानात नोंदला गेला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचे जाहीर केले.

मग तळ्यातही टेमिफॉस टाकून सायक्लॉप्स मारून टाकावेत काय? हा प्रश्न मला प्रत्येक गावात विचारतात. उत्तर नाही असे आहे, आणि नारूत व माशात जो मोठा फरक आहे तो याच ठिकाणी आहे. विहिरीतला सायक्लॉप्स माणसाच्या काही कामाचा नव्हता. तळ्यातला सायक्लॉप्स मात्र मागूरच्या पिल्लाचा घास आहे. अंड्यातून निघालेल्या पिल्लाची पोटाची पिशवी तीन-चार दिवसांत संपते, त्यानंतर त्याला हालणारे बारीक जिवंत खाद्यच लागते. ते व्हावे म्हणूनच आपण शेण टाकतो. कीटकनाशक टाकले तर सायक्लॉप्सबरोबर पिल्लांचे सगळे ताट उपडे होते. शिवाय ते विष पिल्लांनाही बाधते, आणि काही आठवड्यांत सायक्लॉप्स पुन्हा येतात ते येतातच.

म्हणून ही गोष्ट नीट लक्षात घ्या. सायक्लॉप्स जन्मतः किडा घेऊन येत नाही. किडे असलेल्या माशाची विष्ठा पाण्यात पडली तरच तो किड्याचा वाहक होतो. तळ्यात किडे असलेला मासा नसेल, तर तेच सायक्लॉप्स निव्वळ उत्तम खाद्य आहेत. आपल्याला सायक्लॉप्सशी भांडायचे नाही. बीज सोडण्याआधी तळ्यात रानटी मासा शिल्लक ठेवायचा नाही, एवढेच साधायचे आहे. त्या बोडीत मी शेण टाकायला सांगितले तेव्हा तळाच्या चिखलात आदल्या वर्षीचे मागूर आणि शिंगटे दडलेले होते. मी सायक्लॉप्स वाढवले, त्यांनी किडे भरून दिले.

सगळेच गोलकृमी सायक्लॉप्समधून येतात असे नाही, हेही सांगून ठेवते. अंगावर काट्यांच्या कड्या असलेला स्पिनिटेक्टस नावाचा एक बारीक किडा शिंगी-शिंगट्यात आढळतो, तो पाण्यातील कीटकांच्या पिल्लांतून येतो. पण नुकसानीच्या दृष्टीने आपल्याला मुख्यतः प्रोकॅमॅलॅनसचाच विचार करायचा आहे.

नुकसान किती? येथे अतिशयोक्ती करणार नाही. दीडशे ग्रॅमच्या धडधाकट मागूरमध्ये दोन-चार किडे निघाले तर घाबरण्याचे कारण नाही, रानातल्या माशात ते असतातच. बोटभर लांबीच्या पिल्लात तेच दोन-चार किडे जड जातात. किडा बसतो तेथे अस्तराला जखम होते, ती चिघळते, रक्त कमी होते, खाल्लेले अंगी लागत नाही. मासे पटापट मरत नाहीत, म्हणून लक्षात येत नाही. वाढ मागे पडते आणि खाद्याचा खर्च मात्र चालूच राहतो. त्यात भर म्हणजे मागूर आपल्या भावंडांना खातो. लहान-मोठे मासे एका तळ्यात झाले की मोठे लहानांना गिळतात. तुमच्या हिशेबात ते "मर" म्हणून येते, पण तळ्यावर मेलेला मासा दिसत नाही.

ओळख कशी पटवावी?

बाहेरून पाहून सांगता येत नाही. फिकट कल्ले, बारीक अंग, कमी-जास्त वाढ ही लक्षणे खाद्य कमी पडल्यानेही दिसतात, दाटीनेही दिसतात. पोट उघडल्याशिवाय मी आता कोणालाही सल्ला देत नाही.

तळ्यातून पाच-सहा मासे धरा. त्यांत बारीक जास्त घ्या, पण एक-दोन चांगले पोसलेलेही घ्या, नाहीतर तुलना होत नाही. मासा ताजा मारलेला हवा. सकाळचा मेलेला मासा दुपारी उघडला तर किडे मेलेले, फिके पडलेले असतात आणि आतड्याच्या तुकड्यांतून ओळखता येत नाहीत. गुदद्वारापासून गळ्यापर्यंत पोट उघडा, जठर आणि आतडे अखंड बाहेर काढा. एक लिटर स्वच्छ पाण्यात नऊ ग्रॅम, म्हणजे चहाचे साधारण दीड-दोन चमचे मीठ विरघळवा. पांढऱ्या ताटलीत हे पाणी ओतून त्यात जठरापासून शेवटपर्यंत आतडे बारीक कात्रीने उभे चिरा. साध्या पाण्यात किडे फुगून फुटतात, म्हणून मीठ. पाच मिनिटे थांबा. भिंग असल्यास उत्तम, नसले तरी चालते.

गोल, दोन्ही टोकांना निमुळता, तांबूस आणि वळवळणारा असेल तर गोलकृमी. पांढरा, चपटा, फितीसारखा असेल तर तो पट्टकृमी. मागूरच्या आतड्यात हा पुष्कळदा सापडतो. त्याचा फेरा वेगळा आहे, तो चिखलातल्या बारीक गांडुळवर्गीय किड्यांतून येतो. डोक्याला काटेरी सोंड असून ती आतड्यात घट्ट रुतलेली असेल, ओढूनही सुटत नसेल, तर तो काटेरी डोक्याचा कृमी. आतड्याच्या बाहेर, पोटाच्या पोकळीत गुंडाळी करून बसलेले गोल किडे दिसले, तर ती बहुधा पक्ष्यांच्या किड्यांची पिल्ले. मासे खाणाऱ्या पाणकावळ्याच्या, बगळ्याच्या पोटात गेल्यावर ती वयात येतात. त्यांची मोजदाद आतड्यातल्या किड्यांत करू नका. कोणत्या माशात किती किडे, माशाचे वजन किती, हे वहीत लिहून ठेवा. पुढच्या वर्षी तुलना करायला हीच वही उपयोगी पडते.

आता औषधाचे. जनावरांच्या जंताचे औषध तळ्यात ओतल्याची दोन उदाहरणे माझ्या पाहण्यात आहेत. कृपा करून तसे करू नका. किडा माशाच्या आतड्यात आहे, औषध तळ्याच्या पाण्यात. दहा गुंठे तळ्यातल्या लाखो लिटर पाण्यात ते इतके पातळ होते की आतड्यातल्या किड्यापर्यंत पोहोचत नाही आणि पैसे मात्र पाण्यात जातात. जंताची औषधे खाद्यातून, माशाच्या वजनावर मात्रा काढून द्यावी लागतात, आणि जो मासा सर्वांत आजारी आहे तोच खाद्यावर येत नाही. शिवाय हा खाण्याचा मासा आहे, औषधाचा अंश मांसात किती दिवस राहतो याचा विचार करावा लागतो. प्रजनक माशांपुरता असा उपचार मत्स्य तज्ज्ञांच्या देखरेखीखाली टाकीत करता येतो, वाढीच्या तळ्यात नाही. आणि समजा किडे मेले, तरी तळ्यातले रानटी मासे तसेच असतील तर महिनाभराने पुन्हा तेच.

तळ्याची तयारी

खरे काम एप्रिल-मे महिन्यांत आहे. ज्यांचे तळे पूर्ण आटवता येते त्यांनी ते आटवावे. नुसते पाणी काढणे म्हणजे आटवणे नव्हे. ओल्या चिखलात मागूर आणि शिंगी हातभर खाली जाऊन दिवसच्या दिवस जिवंत राहतात. तळाला भेगा पडून ढेकूळ हातात कोरडे फुटेपर्यंत उन्हात राहू द्या. सखल जागी जी डबकी राहतात, तीच खरी जंतांची पेवे. ती उपसा आणि त्यांत कळीचा चुना टाका. वरचा काळा गाळ काढून बांधीत पसरा. धानाला तो चांगला, हे पिकाची माणूस म्हणून खात्रीने सांगते.

पण आपल्याकडच्या पुष्कळ बोड्या पूर्ण आटवता येत नाहीत. उन्हाळी पिकाला पाणी ठेवावे लागते, जनावरांना लागते, बोडी सामाईक असते. अशा ठिकाणी मोहाची पेंड वापरावी. मोह आपल्याकडे भरपूर, पेंडही मिळते. एक मीटर खोल पाण्याला हेक्टरी २५०० किलो, म्हणजे गुंठ्याला साधारण २५ किलो असे प्रमाण आहे. पाणी अर्धा मीटर असेल तर निम्मी पेंड पुरे, म्हणून पाणी उतरलेले असताना हे काम करा, खर्च निम्म्यावर येतो. पेंड रात्रभर भिजवून सगळ्या पाण्यावर सारखी फेकावी आणि जाळे फिरवावे. रानटी मासे वर येतील ते सगळे काढून घ्यावेत, तळाशी सडू देऊ नयेत. त्या दिवसांत जनावरे त्या पाण्यावर नेऊ नका.

पेंडीचा विषारी परिणाम दोन ते तीन आठवडे राहतो, म्हणून बीज तीन आठवड्यांनंतरच सोडावे. शेतकऱ्यांना हे थांबणे जिवावर येते. पण या तीन आठवड्यांचा आणखी एक फायदा आहे. पाण्यात मासा नाही, म्हणजे नवी पिल्ले पडणे बंद. आधी पडलेली थोड्या दिवसांत मरतात, आणि किडा घेऊन फिरणारे बरेचसे सायक्लॉप्सही या काळात संपत जातात. शिवाय पेंड पुढे खत म्हणून लागू पडते. त्यामुळे शेण हेक्टरी दहा टनांऐवजी पाच टन, म्हणजे गुंठ्याला पन्नास किलो पुरते. चुना आणि पेंड एकाच दिवशी टाकू नका, मध्ये आठवडाभर जाऊ द्या. चुन्याचे प्रमाण पाण्याच्या सामूवर ठरते, सर्वसाधारणपणे गुंठ्याला दोन-अडीच किलो.

एवढे करून पाणी भरताना चूक करणारे पुष्कळ आहेत. कालव्याचे किंवा वरच्या तलावाचे पाणी मोकळे सोडले की त्याबरोबर रानटी पिल्ले, अंडी आणि भरलेले सायक्लॉप्स आत येतात. पाण्याच्या तोंडाला साठ मेशच्या नायलॉन जाळीची लांब पिशवी बांधा. पिशवी लांब हवी, नुसता तुकडा लावला तर तो अर्ध्या तासात गाळाने बुजतो आणि मग गडीमाणूस तो काढून ठेवतो. ही जाळी बारीकसारीक सगळे अडवते असे नाही, पण रानटी मासा अडवते आणि मोठे सायक्लॉप्स बरेच अडवते. पहिल्या मोठ्या पावसात बोडीच्या सांडव्यावरून मासे चढतात, तेथेही जाळी हवी. मागूर ओल्या गवतातून सरपटत बांध ओलांडतो, हे तुम्ही पाहिलेले आहे. म्हणून लहान पिल्लांच्या तळ्याभोवती फूटभर उंचीचा प्लॅस्टिकचा किंवा जाळीचा आडोसा करावा.

बीज कोठून घेता, यावर अर्धी लढाई आहे. ओढ्या-नाल्यातून पकडलेले मागूर बीज म्हणून विकणारे आपल्या भागात आहेत. ते स्वस्त पडते, पण त्याबरोबर किडेही येतात. घ्यायचेच झाले तर वेगळ्या टाकीत दोन आठवडे ठेवा, त्यातले आठ-दहा कापून पाहा आणि किडे निघाले तर तळ्यात सोडू नका. बीज केंद्रावरून घेत असाल तर एक प्रश्न अवश्य विचारा. मागूरच्या प्रजननात मादीची अंडी पोट दाबून काढता येतात, नराचे वीर्य तसे मिळत नाही. त्यासाठी नर कापून वृषण काढावे लागते. म्हणजे प्रत्येक केंद्रावर दर हंगामात नर कापलेच जातात. "कापलेल्या नराचे आतडे पाहिले काय, किडे होते काय?" एवढेच विचारा. जो केंद्रचालक हे पाहतो आणि खरे सांगतो, त्याच्याकडे दोन पैसे जास्त द्यायला हरकत नाही. आफ्रिकन मागूर, ज्याला काही जण थाई मागूर म्हणतात, त्याचे बीज मात्र कोणी फुकट दिले तरी घेऊ नका. त्याच्या पालनाला बंदी आहे.

एक प्रश्न महिला शेतकऱ्यांकडून नेहमी येतो, आणि तो रास्त आहे. असे मासे खावेत काय? आतड्यातले हे किडे साफ करताना आतड्याबरोबर निघून जातात, आणि प्रोकॅमॅलॅनस माणसाला होत नाही. मासा नीट शिजवून खावा. थायलंडसारख्या देशांत कच्चा किंवा अर्धवट मुरवलेला मासा खाण्याची चाल आहे. तेथे मागूरवर्गीय माशांच्या मांसातून नॅथोस्टोमा नावाचा वेगळाच गोलकृमी माणसात शिरतो. आपला उकळून केलेला रस्सा त्या भीतीच्या पलीकडे आहे. विस्तवाच्या धगीवर वरवर भाजलेला मासा मात्र आतून कच्चा राहतो, तेवढे टाळावे.

साफ केलेले आतडे पुन्हा तळ्यात फेकण्याची सवय मात्र मोडली पाहिजे. बांधावर बसून मासे साफ करायचे आणि आतडी पाण्यात टाकायची, की दुसरे मासे ती खातात, असे आपल्याला बरे वाटते. त्या आतड्यातली पिल्लांनी भरलेली मादी पाण्यात फुटते आणि तळ्याला पुन्हा बीज मिळते. कुत्र्या-मांजरांपुढेही टाकू नका. बांधापासून दूर खड्डा करा, वर चुना आणि माती टाका.

सुरुवातीला सांगितलेल्या त्या बोडीत पुढच्या उन्हाळ्यात आम्ही मोहाची पेंड वापरली. जाळ्यात मागूर, शिंगटे आणि दोन शिवडे निघाले. तेथे काही शिल्लक नाही असे मालक शपथेवर सांगत होते. त्या वर्षीच्या दिवाळीत सहा मासे कापले, एकात दोन किडे निघाले. म्हणजे पूर्ण सुटका झाली नाही, आणि ती होईल असे मी कोणाला सांगतही नाही. पण मासे एका मापाचे होते.

तुमच्या तळ्यात शंका असेल तर मासे तपासणीला आणा. आणताना बर्फात घालून आणू नका, झाकणाच्या डब्यात थोड्या पाण्यात जिवंत आणा. मागूर एसटीच्या प्रवासात मरत नाही. झाकणाला भोके पाडा आणि झाकण तारेने बांधा, कारण डबा हलला की तो उडी मारतो. बारीक चार, चांगले दोन असे सहा मासे पुरेत. सोबत चिठ्ठीवर तळ्याचे क्षेत्र, पाण्याची खोली, बीज कोठून व कधी आणले आणि उन्हाळ्यात तळे आटले होते की नाही, एवढे लिहून आणा.